मुद्दाम ठेवलेलं भोक

सदर इसम विवाहित असून एका मुलीचा बाप, एका जावयाचा सासरा व एका नातीचा आजोबा आहे. धंदा: पंक्चर काढणे व हवा भरणे. उंची मध्यम, बांधा सडपातळ. वर्ण मनगटापर्यंत काळा, तिथून पुढे गव्हाळ. ओळखीची खूण म्हणून उजव्या अंगठ्यावर वाळलेल्या सोल्युशनचा थर असून तो कोणत्याही साबणाने निघत नाही. श्रवणशक्ती हवेच्या बाबतीत तीक्ष्ण, घरून आलेल्या सूचनांच्या बाबतीत साधारण. आजार कोणताही नाही. कधीमधी दम लागतो तो हवामानामुळे. दात वरचे व खालचे, सर्व, मूळचे. पत्नीपासून लपवलेली बाब: निरंक.

यातली माहिती त्यांची स्वतःची आहे. भाषा तेवढी कचेरीतली.

रस्ता त्यांना हवाकाका म्हणतो. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. तिला पुढून शटर बसवलं आणि मागून भिंत आयतीच निघाली, म्हणून तिचं दुकान झालं. आत एक कॉम्प्रेसर, घमेलंभर पाणी, वरून लटकणाऱ्या ट्यूबा आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसतं. हवाकाका उकिडवे बसतात आणि तिथून जगाकडे बघतात. तिथून जग साधारण चाकाच्या उंचीचं दिसतं, आणि त्यांच्या मते ते तेवढंच आहे.

त्यांचं तत्त्वज्ञानही आटोपशीर आहे. जगातल्या सगळ्या अडचणींचं मूळ एकच, हवा नको तिथून जाते. संसार का मोडतात, छपरं का गळतात, जोरात सुरू झालेली भाषणं मध्येच का ढेपाळतात, सगळ्याला कारण हेच. भोक शोधा, भोक बुजवा, चाक चढवा. उपयोगाचं भोक असं काही असतं हे त्यांना मान्य नव्हतं. बासरीचा दाखला दिला तर म्हणायचे, "म्हणूनच तिच्यात हवा टिकत नाही."

जावई नेमका ट्यूबलेस टायरच्या शोरूममध्ये कामाला होता. मुलीने पसंत केलेला मुलगा सालस होता, निर्व्यसनी होता, आणि सासऱ्याच्या धंद्याच्या मुळावर उठलेला होता. हवाकाकांनी लग्नाला आडकाठी केली नाही, फक्त एवढंच विचारलं, "ज्या टायरात ट्यूबच नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" जावई म्हणाला, "अगदी बरोबर." तो सगळ्यालाच अगदी बरोबर म्हणतो. त्यामुळे त्याच्याशी भांडण करणं म्हणजे फुटक्या ट्यूबमध्ये हवा भरणं. तरी जावई तो जावई. त्याच्यासमोर आपला आब राहिला पाहिजे, यावर हवाकाका ठाम होते.

आता दातांकडे वळू.

पंक्चरच्या धंद्यात हात दोन आणि कामं तीन. ट्यूब डाव्या हातात, कानस उजव्या हातात, आणि पॅचवरचा कागद सोलायला कोण? दात. सोल्युशनच्या नळीचं टोपण दातांनी, वॉल्व्हची टोपी दातांनी, टायरात घुसलेल्या खिळ्याचं डोकं हाताला लागेना, तर तेही दातांनी. पक्कड का ठेवत नाही असं कोणी विचारलं की ते तोंड उघडून आत बोट दाखवायचे. ही पक्कड वर्षानुवर्षं चालली. मग तिची वरची बाजू हलायला लागली, मग एकेक करून निवृत्त झाली. वरचा शेवटचा दात एका ट्रॅक्टरच्या वॉल्व्हने नेला.

योग असा की त्याच सुमारास त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, मुलीच्या बाळंतपणासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या होत्या. हवाकाकांनी ती संधी साधली. लांबच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी वरची पुरी कवळी बनवायला टाकली. ती तयार होईपर्यंत नातीला बघायला जाताना ते तोंडाला रुमाल बांधून जायचे. "बाळाला आपला खोकला नको." मुलीला गहिवरून आलं. जावई म्हणाला, अगदी बरोबर. काकूंनी बाळाच्या आत्याला उद्देशून एवढंच म्हटलं, "आमच्याकडे स्वच्छतेचं वारं आजच आलंय."

काकू घरी परतल्या तेव्हा हवाकाका दारात उभे होते आणि हसत होते. असं हसू त्यांनी लग्नातही दाखवलं नव्हतं.

"दात घासून घेतले डॉक्टरकडून," ते म्हणाले. "मशीनने."

"छान झाले," काकू म्हणाल्या आणि पिशवी आत घेऊन गेल्या.

इतकं सोपं गेल्यावर पुढचं सगळं त्यांनी मोठ्या हिकमतीने सांभाळलं. पहाटे न्हाणीघराला आतून कडी, वर नळ सोडलेला, म्हणजे ब्रशचा आवाज जाणार नाही. मक्याचं कणीस समोर आलं की पोट भरलेलं. सफरचंद चाकूने कापून खायचं, आणि कारण सांगायचं की कापलेल्या सफरचंदात जीवनसत्त्व जास्त. एवढी गुप्तता हेरखात्याला झेपत नाही. लपवण्यासारखं त्यात काय होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बायकोने आपल्याला बोळका म्हणून बघू नये, एवढंच असावं.

दमा मात्र त्यांनी लपवला नाही, नाकारला. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक रोज घ्यायचा, छाती शांत ठेवणारा. दुसरा निळा, दम लागला तरच. रोजचा पंप घेतला की लगेच काही वाटत नाही, म्हणून तो बिनकामाचा ठरला आणि कपाटात गेला. निळा घेतला की मोकळं वाटतं, म्हणून तो खिशात. सोल्युशनच्या वासाने छाती आवळते असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हवाकाका म्हणाले, त्या वासावर तर माझा संसार चाललाय.

त्या दिवशी दुपारी वारा सुटला. रस्त्यावरची धूळ उठून थेट फटीत शिरायला लागली आणि सोल्युशन लावलेल्या ट्यूबवर बसायला लागली. धूळ बसली की पॅच धरत नाही. हवाकाकांनी शटर गुडघ्यापर्यंत ओढून घेतलं आणि आत काम चालू ठेवलं. ट्यूबची काळजी अशी घेतली गेली. आत सोल्युशनचा वास कोंडत गेला. छाती सूं सूं वाजायला लागली, तेव्हा प्रथम त्यांना वाटलं, एखाद्या ट्यूबला बारीक पंक्चर आहे. त्यांनी सगळ्या ट्यूबा तपासल्या.

मग निळा पंप काढला. दाबला. फुस्स आलं. परत दाबला. परत फुस्स. मोकळं काही वाटेना. या पंपातलं औषध संपलं तरी नुसती हवा काही काळ फुसफुसत राहते, हे त्या रस्त्यावर कोणाला कळायला हवं होतं तर यांना.

जावई आला तो बाबागाडीचं चाक घेऊन. शटर वर केलं तर सासरे स्टुलावर बसलेले, तळवे गुडघ्यांवर, खांदे कानाला लागलेले, गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ते कधीच बसत नसत. त्यावरूनच जावयाने ओळखलं, मामला साधा नाही.

"बाबा, काय होतंय?"

"चाक," हवाकाका म्हणाले. थांबले. "ठेव." थांबले. "तिथं."

आयुष्यात पहिल्यांदा जावई अगदी बरोबर म्हणाला नाही. त्याने चाकासकट सासऱ्यांना उचलून गाडीत घातलं, वाटेत काकूंना घेतलं आणि हॉस्पिटल गाठलं.

तिथे ऑक्सिजन लागला, हातात सुई लागली, औषधाचा धूर सोडणारा छोटा मास्क तोंडावर आला. आणि त्या धुराने खोकल्याची अशी उबळ आली की वरची कवळी जागा सोडून खाली आली. आता ती बाहेर पडली असती तर जावयाच्या पायाशी पडली असती. जीव घाबरा झालेला असतानाही हवाकाकांची हिकमत शाबूत होती. मास्कच्या आडून हात घातला, कवळी काढली, रुमालात गुंडाळली, पँटच्या खिशात सारली. कोणी पाहिलं नाही. लगेच हॉस्पिटलचे कपडे चढवले गेले आणि पँट एका पिशवीत जाऊन काकूंच्या हाती पडली.

औषधं चालू होती, पण हवाकाका थकत चालले होते. डॉक्टर तरुण होत्या, बोलणं सावकाश, चालणं पळाल्यासारखं. त्यांनी काकूंना पलंगाशी बोलावून दोघांनाही समजेल असं सांगितलं.

"छातीतल्या नळ्या आवळल्यात. हवा आत जाते, पण बाहेर यायला वाट मिळत नाही. आधीची बाहेर पडायच्या आत पुढची येते."

ज्या माणसाने हयातभर हवा बाहेर जाऊ नये म्हणून कष्ट केले, त्याची हवा बाहेर जाईना. हवाकाकांनी मान हलवली. असा प्रकार त्यांच्या दुकानात आजवर आला नव्हता.

"श्वास घ्यायचे स्नायू दमलेत," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून एक मोठा, घट्ट मास्क लावून बघते. तो मशीनला जोडलेला असतो. तुम्ही श्वास घेतला की मशीन मागून ढकलतं, सोडला की दाब कमी करतं. औषधाला काम करायला वेळ मिळतो. हा टेकू आहे, औषध नव्हे. आणि दम्यात तो सगळ्यांना लागू पडतोच असं नाही, त्यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. म्हणून मी इथेच आहे. थोड्या वेळाने रक्त तपासू. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर झोपेचं औषध देऊन घशातून ट्यूब घालावी लागेल, आणि श्वास पूर्ण मशीनवर. दम्याच्या माणसाला ते सोपं नसतं, म्हणून शक्यतो मला ते टाळायचंय."

"टाळा," काकू म्हणाल्या.

सिस्टर मास्क घेऊन आल्या. "काका, तोंडात खोटे दात वगैरे?"

काकू पलंगाच्या पायथ्याशीच उभ्या होत्या. हवाकाकांनी ठामपणे मान हलवली. नाही. आणि त्या क्षणापुरतं ते अक्षरशः खरं होतं.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांना बाहेर जायला सांगितलं गेलं.

मास्क नाकावर, तोंडावर बसला, पट्टे डोक्यामागे आवळले गेले. मशीनने पहिली फुंकर मारली. आणि ती फुंकर हवाकाकांच्या छातीत न जाता गालाच्या बाजूने निसटून दोन्ही डोळ्यांत गेली. वरचे दात नसले की ओठ आत जातो, गाल बसतात, आणि मास्कची कड टेकायला जागाच राहत नाही. मशीन पीं पीं करायला लागलं.

सिस्टरने पट्टे आवळले. हवा हनुवटीखालून गेली. धाकटा मास्क आणला. हवा नाकाच्या दोन्ही बाजूंनी गेली. गालात कापसाच्या घड्या लावल्या. हवा घड्या घेऊन गेली.

"काका, तोंड घट्ट मिटा."

मिटण्यासारखं जे होतं ते रुमालात होतं.

हवाकाकांचा श्वास अपुरा पडत होता, डोकं जड झालं होतं, डोळ्यांत वारा जात होता. तरी कानावर जो आवाज पडत होता तो ओळखीचा होता. कुठेतरी हवा जात होती. त्यांच्यातला कारागीर उठून बसला. त्यांनी सिस्टरला खुणेने घमेलं मागितलं. दोन्ही हातांनी गोल दाखवला, मग पाणी दाखवलं, मग त्यात काहीतरी बुडवून दाखवलं. सिस्टरने समंजसपणे पडदा ओढला आणि लघवीचं भांडं आणून दिलं.

ते बाजूला सारून हवाकाकांनी घाईच्या कामाची रीत अवलंबली. मास्कखाली अंगठा घालून ओला केला आणि मास्कवरून, नळीवरून हळूहळू फिरवत नेला. आणि मास्क जिथे नळीला जोडला होता त्या कोपऱ्यावर अंगठ्याला थंडगार लागलं. बारीक, गोल, स्वच्छ भोक. त्यातून शिट्टीसारखी हवा. एवढं मोठं हॉस्पिटल, आणि मशीनला पंक्चर.

सुई जागेवर राहावी म्हणून हातावर चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. त्यातली एक त्यांनी सवयीने दातांनी सोलायला तोंडाकडे नेली, मध्ये मास्क लागला, मग नखाने सोलली. भोकावर दाबून बसवली, कडेने अंगठा फिरवला. काम चोख झालं. मशीनची पीं पीं थांबली. मशीनला वाटलं, गळती कमी झाली.

त्या शांततेनेच सिस्टरने वळून बघितलं. धावत येऊन तिने पट्टी ओरबाडून काढली.

"काका, हे तुम्ही केलंत?"

हवाकाकांनी अभिमानाने अंगठा वर केला.

"अहो, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तुम्ही सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ते बुजवलं की सोडलेलीच हवा परत आत. स्वतःचा जीव घ्यायचाय का आज?"

हवाकाकांचे डोळे मोठे झाले. मुद्दाम. मास्कच्या आत त्यांनी तो शब्द उच्चारून पाहिला. कारखान्यात बसून, शुद्धीवर असलेल्या माणसांनी, चांगल्या वस्तूला मुद्दाम भोक पाडलं होतं, आणि ते बुजवणं हा गुन्हा होता. त्यांच्या तत्त्वज्ञानाचं टायर त्या पलंगावर बसलं.

पीं पीं परत सुरू झाली. डॉक्टरांनी तपासणीचा निकाल पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. रक्तात नको असलेला वायू साचत होता. "सिस्टर, असाच गळत राहिला तर उपयोग नाही. ट्यूबची तयारी करून ठेवा. मी घरच्यांशी बोलून येते."

तयारीचा ट्रे पलंगाशेजारी आला. त्यात एक वाकडी, चमकणारी वस्तू होती, आणि एक पारदर्शक नळी. हवाकाकांनी ट्यूबा खूप पाहिल्या होत्या, पण त्यातली एकही आपल्याकडे बघते आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि आता, तत्त्वज्ञान नसलेल्या मोकळ्या डोक्यात, साधी गोष्ट सरळ आत आली. मशीन ठीक होतं. मास्क ठीक होता. भोक मुद्दामच होतं. मग हवा जात होती ती आपल्या तोंडातून. आणि तोंडातलं सामान पिशवीत होतं.

दोन वाटा होत्या. एक घशातून जात होती. दुसरी बायकोसमोरून. मान्य करायला हवं की त्यांनी क्षणभर विचार केला.

बाहेर डॉक्टर काकूंना सांगत होत्या. "मास्क चेहऱ्यावर बसतच नाहीये. गाल आत गेलेत, हवा निसटते."

"दात लावले तर बसेल?"

"कुठले दात? त्यांनी तर नाही म्हटलं."

"ते नाहीच म्हणणार," काकू म्हणाल्या आणि डॉक्टरांच्या पुढे चालायला लागल्या.

काकूंना धुण्याआधी खिसे तपासायची सवय आहे. पिशवी हातात आली, पँट दिसली, हात आपोआप खिशात गेला. रुमाल लागला तेव्हा आत काय आहे ते उघडून बघायची गरज पडली नाही. मान हलवून नवरा नाही म्हणाला तेव्हाही त्यांनी त्याची लाज राखून ते सोडून दिलं. दात नसले तर मास्क बसत नाही, हे त्यांना तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

त्या पडद्याआत आल्या तेव्हा हवाकाकांनी एका हाताने मास्क उचलून धरला होता. मशीन किंचाळत होतं.

"अगं," ते म्हणाले. श्वास. "एक." श्वास. "सांगायचं." श्वास. "राहिलं."

"तोंड उघडा," काकू म्हणाल्या. "बोलायला नव्हे."

त्यांनी रुमाल सोडला, कवळी सिस्टरने दिलेल्या पाण्यात विसळली आणि अंगठ्याने वर दाबून बसवली, जशी काही रोजच बसवत होत्या. डॉक्टर मागून बघत राहिल्या. "पक्की बसली आहे ना? सुटणार नाही?"

"धूर लावून खोकायला लावलं नाही तर सुटत नाही," काकू म्हणाल्या.

मास्क लागला. कड गालावर टेकली आणि राहिली. मशीनने फुंकर मारली ती पहिल्यांदाच जिथे जायची तिथे गेली. डोळ्यांतला वारा थांबला. पीं पीं थांबली, आणि या वेळी कोणी काही चिकटवलेलं नव्हतं.

"मशीनशी मारामारी करू नका," डॉक्टर म्हणाल्या. "ते देतंय तेव्हा घ्या. मग सावकाश सोडा. सोडायला जास्त वेळ घ्या."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या आणि तळहात वर-खाली करत राहिल्या. वर, घ्या. खाली, सोडा. हवाकाकांनी त्या हाताकडे बघत घेतलं आणि सोडलं. त्या लहानशा भोकातून बारीक शिट्टी येत होती. त्यांच्याच छातीतली हवा तिथून बाहेर चालली होती. त्यांनी अंगठा चादरीखाली घालून ठेवला. मोह नको.

पुढच्या तपासणीत निकाल सुधारला होता. फार नाही, पण सुधारलेल्या बाजूला. ट्रे थोडा लांब सरकला. त्याच्या पुढच्या तपासणीनंतर तो पडद्याबाहेर गेला. औषधांनी नळ्या सैल केल्या, टेकूने तोवर माणूस उभा धरला. दुसऱ्या दिवशी मास्क काढून ठेवला गेला आणि हवाकाका पाठीला उशी लावून बसले. नाकावर मास्कचा लाल वळ. समोर काकू, हातात सफरचंद. आणि चाकू नव्हता.

"खा," काकू म्हणाल्या. "चावून."

हवाकाकांनी सफरचंदाकडे बघितलं, मग दाराकडे, मग छताकडे. सुटका नव्हती.

"कधीपासून माहीत आहे?"

"दारात उभे राहून हसलात तेव्हापासून. तुमचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. लग्नाआधी मी त्यावर आठवडाभर विचार केला होता. मशीनने घासून ते सरळ होतात होय?"

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी सफरचंद परत घेतलं, पदराने पुसलं, परत दिलं. "कवळी आल्यापासून तुम्ही भांडताना ओरडायचं बंद केलंत. ओरडलं की सुटेल, ही भीती. घरात एवढी शांतता माझ्या माहेरीसुद्धा नव्हती. मी कशाला विचारू?"

एवढे महिने न्हाणीघरातला नळ सोडून कोणापासून लपत होतो, हा प्रश्न हवाकाकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकल्याने सिस्टर धावत आली, आणि तिने काकूंना दम भरला की पेशंटला हसवायचं असेल तर घरी नेऊन हसवा.

तेवढ्यात जावई आला. बाबागाडीचं चाक अजून त्याच्या गाडीतच होतं. हवाकाकांनी त्याला जवळ बोलावलं आणि एखादी मोठी सवलत द्यावी तसं सांगितलं, "जावईबापू, ट्यूबशिवायही भागतं. मी स्वतः करून बघितलं."

"अगदी बरोबर," जावई म्हणाला आणि खिडकीकडे तोंड फिरवून त्याने डोळे पुसले.

घरी सोडताना डॉक्टरांनी रोजचा पंप काकूंच्या हातात दिला आणि सोल्युशनचं काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला बसून करायला सांगितलं. हवाकाकांनी ऐकलं. शटर आता पूर्ण वर असतं, मागच्या भिंतीला त्यांनी एक झरोका पाडून घेतलाय. गिऱ्हाइकाने विचारलं की भिंतीला हे काय, तर ते गंभीरपणे सांगतात, "मुद्दाम ठेवलंय." पॅचचा कागद ते पकडीने सोलतात. पक्कड लोखंडाची आहे. आपल्यामुळे एका हॉस्पिटलमधल्या मशीनचं पंक्चर उघडकीस आलं, असंही ते सांगतात, आणि काकू बाजूला असल्या तर पुढचं वाक्य त्या सांगतात.

घरातली शांतता मात्र गेली. भांडण व्हायचं असलं की हवाकाका आधी शांतपणे कवळी काढतात, टेबलावर ठेवतात आणि मग मनसोक्त ओरडतात. काय ओरडतात ते कोणालाच कळत नाही. काकू थोडा वेळ कवळीकडे बघतात, मग त्यांना हसू आवरत नाही, आणि भांडण तिथेच बसतं.

वरचे दात रात्री काचेच्या पेल्यात असतात. पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, रस्त्याच्या बाजूला.